देवीनं ऐकलेला बार

पेडण्याच्या बाजारात रोहिदास शेटगावकर छत्री घ्यायला आले की दुकानदार आधी बादली भरून ठेवी. रोहिदासबाब छत्री उघडून पायरीखाली उभे राहत आणि दुकानातला माणूस स्टुलावर चढून वरून पाणी ओती. एकदा, दोनदा, तीनदा. मग छत्री झटकून, मिटून ते परत देत आणि विचार करून येतो म्हणून निघून जात. पावसाळ्यात ते डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन फिरत. त्यांच्या घरात छत्री नव्हती.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके त्यांच्याकडे. अंगाने उंच, सडसडीत. बुशशर्टच्या उजव्या खिशात पितळी वजनं असत, त्यामुळे शर्ट उजवीकडे दोन बोटं खाली ओढलेला दिसे. सुट्टीच्या दिवशी खिसा रिकामा असला तरी शर्ट तसाच लोंबे. त्याला सवय झाली होती.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या म्हापशाच्या कचेरीत बातमीदार होतो. रोहिदासबाब पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन. मंगळवारचा अंक सोमवारच्या अंकापेक्षा हलका भरतो आणि किंमत मात्र तीच असते, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन सोमवार आणि तीन मंगळवार त्यांनी वजन केलं होतं. संपादकांनी त्यांना चहा दिला. त्यांनी कप हातात तोलून पाहिला आणि चहा पुरेसा आहे असं सांगितलं. तेव्हापासून ते पंधरवड्यातून एकदा येऊ लागले.

त्यांचं एक वाक्य दोन्ही तालुक्यांत ठाऊक होतं. कुठलीही वस्तू दाखवली की ते म्हणत, "एकदा चलला तर नशीब. दोनदा चलला तर सवय. तिसऱ्यान चलला काय मगे विचार करूया."

सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर त्यांच्या दारात आला की टोपली उघडण्याआधीच पावांचं वजन सांगून मोकळा होई. कोरगावात कुणाला रेडिओ, पंप किंवा म्हैस घ्यायची असली तर लोक आधी रोहिदासबाबना घेऊन जात. त्यांनी पसंत केलेली वस्तू बिघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एका मुलीच्या सोयरिकीला त्यांना नेलं होतं. त्यांनी नवऱ्या मुलाला तीन कागदांवर तीनदा सही करायला लावली. तिन्ही सह्या सारख्या आल्या. लग्न ठरलं आणि टिकलंही.

स्वतःसाठी मात्र त्यांनी काही घेतल्याचा दाखला नाही. त्यांच्या पत्नी सुमतीबाई चौदा महिने प्रेशर कुकरची वाट पाहत होत्या. शेवटी सावंतवाडीचा भाऊ न विचारता एक कुकर घेऊन आला. रोहिदासबाबनी तो आठवडाभर तपासणीखाली ठेवला, शिट्ट्या मोजल्या, वेळ लिहून घेतली. त्या आठवड्यात घरात दोन्ही वेळेला नुसती डाळ होती, असं सुमतीबाईंनी मला सांगितलं. रोहिदासबाबनी ते नाकारलं नाही. डाळीचं वजन सांगितलं.

गोव्यात तेव्हा राजभाषेचा वाद पेटला होता. कोकणी की मराठी, यावर रस्ते अडत होते, घरात भाऊ भावाशी बोलत नव्हता, आणि आमच्या अंकात दुसऱ्या विषयाला जागा उरत नव्हती. रोहिदासबाब बायकोशी आणि म्हशीशी कोकणीत बोलत. देवाशी आणि सरकारशी मराठीत. तुम्ही कुठल्या बाजूचे, असं कुणी विचारलं की ते म्हणत, तिसऱ्यान विचार. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

त्यांना त्या काळात वेगळी चिंता होती, आणि ती बंदुकीची होती.

कोरगावच्या त्यांच्या वाड्यावर दसऱ्याला देवीची पालखी सीमेपर्यंत जाते. पालखी उचलण्याआधी बार काढायचा आणि तो ढोल-ताशांच्या वर ऐकू आला पाहिजे, अशी रीत. बार ऐकल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. त्या बाराचा मान शेटगावकरांच्या घराण्याकडे आणि त्यासाठी घरात ठासणीची एक जुनी बंदूक. नळीत दारू ठासायची, गोळी नाही, नुसता आवाज. रोहिदासबाबच्या आजोबांच्या वेळी हा आवाज नदीपलीकडे तेरेखोलच्या किल्ल्यात ऐकू जाई, असं घरात सांगत. रोहिदासबाब स्वतः हे सांगत नसत, कारण तेरेखोलला उभं राहून कुणी खात्री केली नव्हती.

लागोपाठ दोन दसरे ती बंदूक वाजली नव्हती. चाप ओढला की खट् व्हायचं आणि नळीतून थोडा धूर निघायचा. पुन्हा दारू काढून, नळी पुसून, ठासून तयार व्हायला अर्धा तास जाई. तोवर शेजारचा नानू परब पुढे होऊन आपली गर्नाल पेटवी. गर्नाल म्हणजे जमिनीत पुरून उडवायचा मोठा बार. ती दोन्ही वर्षं वाजली आणि पालखी निघाली. तिसऱ्या वर्षीही शेटगावकरांचा बार झाला नाही तर मान परबांकडे जाईल, असं गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, बैठकीत ठरवलं. नानू परब आणि रोहिदासबाब एका वर्गात शिकलेले. दोघांच्या काजूच्या बागांमध्ये एकच गडगा, दगडी कुंपण. नानूने त्याच दिवशी गर्नाल अंगणात उन्हाला ठेवली, गडग्यावरून दिसेल अशी.

रोहिदासबाबनी विचार केला. ठासणीची बंदूक म्हणजे एकच संधी. ती चुकली की अर्धा तास. त्यांना असं हत्यार हवं होतं ज्यात पहिलं काडतूस चुकलं तर दुसरं तयार असेल. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. हे त्यांनी मला म्हापशाच्या कचेरीत सांगितलं. मला कळेना म्हणून त्यांनी माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि एका कोऱ्या कागदाला लागोपाठ सहा पिना मारल्या.

"बघ. एकदा दाबला, एक पिन. दुसरी आपणच वयर येता. दाबूचा काम आपला, भरूचा काम तेचा. अर्धा अर्धा."

रिव्हॉल्व्हर का नको, असं नानूने गडग्यावरून विचारलं होतं. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चाकात आणि नळीत सांधा असतो, तिथून धूर बाहेर येतो, आणि सांध्यातून गळणारं माप आपण जन्मभर जप्त करत आलो, असं रोहिदासबाबनी त्याला उत्तर दिलं.

पिस्तुलाच्या परवान्यासाठी त्यांनी सात पानी अर्ज केला. कारण म्हणून देवीची पालखी असं लिहिलं. तो मंजूर होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गोवा तेव्हा संघप्रदेशाचं राज्य होण्याच्या वाटेवर होता, कचेऱ्यांतून फायलींचे गठ्ठे इकडून तिकडे हलत होते. सात पानं कुणी वाचली असतील याची शक्यता कमी. परवाना आला. त्याच्यावर गोवा, दमण आणि दीव असं छापलं होतं आणि ठरलेल्या मुदतीत हत्यार विकत न घेतल्यास तो रद्द होईल, असं खाली टाइप केलं होतं. मुदत दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात संपत होती. मधल्या काळात गोवा राज्य झालं. दमण आणि दीव वेगळे राहिले. परवान्यावरच्या तीन नावांपैकी दोन गेली, तर परवाना एक तृतीयांश उरला काय, अशी विचारणा रोहिदासबाबनी लेखी केली. उत्तर आलं नाही. त्यांनी परवाना पूर्ण धरला.

ज्या माणसाने सहा वर्षांत छत्री घेतली नव्हती त्याला आता चार महिन्यांत पिस्तूल घ्यायचं होतं. मुदत सरली तर परवाना जाणार, परवाना गेला तर बार जाणार, आणि बाराबरोबर घराण्याचा मान गडग्यापलीकडे जाणार. सुमतीबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, मग आधी छत्री घेऊन सराव करा.

बाहेरून नवी पिस्तुलं येणं जवळजवळ बंद झालं होतं. जुनी परदेशी हत्यारं काय ती हातोहात फिरत. त्यांनी तीन पाहिली. पहिली दोन पणजीच्या एका दुकानात. मी त्या दिवशी पणजीत होतो, म्हणून बरोबर गेलो.

दुकानदाराने काचेवर मखमलीचा तुकडा पसरून बत्तीस बोअरचं जर्मन पिस्तूल ठेवलं. रोहिदासबाबनी पिशवीतून ताणकाटा काढला. ताणकाटा म्हणजे हुक असलेला, ओढून वजन दाखवणारा काटा. मासळीवाल्यांकडे असतो तो. हुक चापाला अडकवून त्यांनी सावकाश ओढलं आणि चाप किती वजनाला सुटतो ते पाहिलं. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे वहीत लिहिले. दुकानदाराने मला हळूच विचारलं की हे पोलीस आहेत काय. मी खातं सांगितलं. त्याने स्वतःचा तराजू काउंटरखाली सरकवला.

जर्मन पिस्तूल उत्तम होतं. त्याच्या किमतीत एक स्कूटर आली असती आणि स्कूटरही त्यांनी अजून घेतली नव्हती. दुसरं स्पॅनिश होतं, स्वस्त. त्याचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं ठेवायची पेटी, त्यांनी बाहेर काढलं आणि त्याच्या स्प्रिंगवर एकेक पितळी वजन ठेवत गेले. स्प्रिंग एका वजनाला दबली आणि वजन काढल्यावर पुरती वर आली नाही. त्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. ती नजर मी डिचोलीच्या बाजारात पाहिली होती. तिच्यानंतर सहसा पंचनामा होई. दुकानदाराने स्पॅनिश पिस्तूल आपणहून आत नेऊन ठेवलं.

तिसरं डिचोलीला मिळालं. खाणीवरचे एक निवृत्त मॅनेजर आपलं पिस्तूल विकणार होते. पंचवीस बोअरचं, बेल्जियन, तळहातात मावणारं. सिगारेटच्या लायटरपेक्षा थोडं मोठं म्हणता येईल. किंमत परवडणारी होती. मॅनेजर म्हणाले की खाणीवर असताना ते कायम खिशात असे आणि एकदाही वापरलं नाही, कारण बाहेर काढलं की लोक हसायचे. रोहिदासबाबनी ताणकाटा लावला. चाप तीनदा एकाच आकड्यावर सुटला, अगदी एकाच. स्प्रिंगवर त्यांनी खिशातली सगळी वजनं चढवली आणि उतरवली. स्प्रिंग होती तिथे परत आली. मग ते खुर्चीत मागे टेकून बसले आणि पिस्तुलाकडे पाहत राहिले. सुमतीबाईंना बघायला गेले तेव्हाही ते असेच बसले होते, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं. मात्र तेव्हा त्यांना तीनदा जावं लागलं होतं.

मुदत संपायला दोन दिवस असताना कागदपत्रं झाली. पेडण्याच्या फौजदारांनी एक अट घातली. या हत्यारात खरी गोळी असते, ती हवेत सोडली तर कुठेतरी खाली पडेल, म्हणून बार रेती भरलेल्या डब्यात काढायचा. रोहिदासबाबना अट पटली. त्यांनी पत्र्याचा तेलाचा डबा आणला, हरमलच्या किनाऱ्यावरून रेती आणली, चाळली आणि डबा भरला.

दसऱ्याआधी त्यांनी काजूच्या बागेत चाचणी घेतली. भर दुपारी, कुणी नसताना. तीन गोळ्या, तिन्ही पहिल्या दाबाला. प्रत्येक वेळी पितळी पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं नळकांडं, टुणकन बाहेर आली आणि उजव्या हाताला पडली. घरी आल्यावर त्यांनी सुमतीबाईंना विचारलं, आवाज आला काय. त्यांनी उलट विचारलं, "विहिरीर घागर पडली ती काय?"

रोहिदासबाबनी वहीत नोंद केली: आवाज घरापर्यंत पोचतो. ती वही मी पाहिली आहे. चाप, स्प्रिंग, लांबी, वजन, पुंगळी किती हात लांब पडते, या सगळ्यांपुढे आकडे आहेत. आवाजापुढे आकडा नाही. त्यांच्या खात्यात आवाजाचं माप नव्हतं.

दसऱ्याला मी कोरगावात होतो. देवळासमोर पालखी सजली होती. आठ ढोल, पाच ताशे, शिवाय झांजा. नानू परब धुतलेल्या धोतरात, हातात उदबत्ती पेटवून उभा होता आणि त्याच्यापासून दहा पावलांवर गर्नाल पुरून तयार होती. रोहिदासबाब पालखीसमोर आले. सुमतीबाई रेतीचा डबा घेऊन मागोमाग आल्या. रोहिदासबाबनी पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून पिस्तूल काढलं. मागच्या रांगेतल्या लोकांना ते दिसलं नाही. त्यांना वाटलं ते हाताने डब्याकडे बोट दाखवतायत.

त्यांनी चाप ओढला. डब्यातली रेती वीतभर उडाली. पुंगळी उजव्या हाताला पडली. ढोल वाजत राहिले. भोई जागेवरून हलले नाहीत. भोयांपैकी एकाने मान वळवून, कधी काढतात म्हणून विचारलं.

"काढलो," रोहिदासबाब म्हणाले.

त्यांनी दुसरा काढला. रेती उडाली. तिसरा. सहा काडतुसं होती, सहाही सुटली. कुठलं अडलं नाही, कुठलं चुकलं नाही. त्या दिवशी गोव्यात याहून भरवशाचं हत्यार कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. मी पाच पावलांवर होतो आणि मला ऐकू आला तो ढोल. त्यांनी वाकून सहाही पुंगळ्या वेचल्या, मोजल्या आणि गावकारांपुढे तळहातावर धरल्या. ढोल थांबवून एक बार काढावा असं कुणी सुचवलं. नानू परब म्हणाला की ढोल थांबवले तर आपण नारळ फोडला तरी तो बार होईल, रीत ढोलाच्या वरची आहे. ते खरं होतं. रोहिदासबाबनी मान हलवली. खोट्या मापाच्या बाजूने ते कधी बोलले नव्हते.

नानूने उदबत्ती गर्नालीकडे नेली. तेवढ्यात पुरसो गुरव, देवळाचा पुजारी, पायरीवर पुढे आला आणि त्याने हात वर केला. आधी देवीला विचारूया, म्हणाला.

आमच्याकडे अडलेल्या प्रश्नाचा निकाल देवी देते. ओल्या कळ्या मूर्तीला दोन्ही बाजूंना लावतात आणि पुजारी गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला प्रसाद म्हणतात. पुरसोने कळ्या लावल्या, हात जोडले आणि ढोलाच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. पुरसोचा आवाज पिस्तुलापेक्षा मोठा होता.

"माये म्हाराजा, सालाबादप्रमाणे शेटगावकरान तुझो बार काढलो आसा. हत्यार नवीन, आवाज बारीक. एक सोडून सहा काढल्यान. मनशांक आयकाक येवक नाय. तुका आयकाक इलो आसात तर उजवी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

रोहिदासबाब मूर्तीकडे पाहत होते. सुमतीबाई रिकाम्या हाताने पदर पिळत होत्या. बराच वेळ काही पडलं नाही. मग उजवी कळी पडली.

भोयांनी पालखी उचलली. मान राहिला. नानू परबने उदबत्ती विझवली आणि जाता जाता रोहिदासबाबना ऐकू जाईल असं म्हणाला, "देवीचे कान बरे. माका कायच आयकाक येवक नाय."

त्या घटनेनंतर रीत बदलली, आणि बदललेलीच टिकली. दर दसऱ्याला रोहिदासबाब डब्यात बार काढत. कुणाला ऐकू येत नसे. मग पुरसो देवीला विचारी आणि देवी उजवी देई. नानू दर वर्षी अगदी पुढे, दोन पावलांवर येऊन कानामागे हात धरून उभा राही. बार झाला की मान हलवी आणि म्हणे, कायच नाय. हे बघायला पार्से, मांद्रे इकडून लोक येऊ लागले. बाराला आवाज होता तेव्हा एवढी गर्दी नव्हती.

मी दर वर्षी एक ओळ देत असे: सालाबादप्रमाणे बार होऊन पालखी निघाली. एकदा नानू कचेरीत आला आणि ही बातमी खोटी असल्याचं त्याने सांगितलं. तुम्ही तिथे होतात, तुम्ही तरी ऐकलात काय, असं विचारलं. बार ऐकू आला असं मी लिहिलं नव्हतं, झाला असं लिहिलं होतं. मी त्याला अंक दाखवला. त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाला, तुम्हीही तेच्याच खात्यातले.

पिस्तूल रोहिदासबाबनी दुसऱ्या कशाला वापरलं नाही. एकदा काजूच्या बागेत माकडं आली होती. त्यांनी पिस्तूल बाहेर आणलं, विचार केला आणि परत आत ठेवलं. माकडांना दगड मारताना त्यांनी प्रत्येकाला एक असे मोजून मारले. निवृत्तीनंतर पितळी वजनं सरकारजमा झाली. शर्ट उजवीकडे लोंबतच राहिला. पंचवीस बोअरची काडतुसं मिळेनाशी झाली तसा त्यांनी बारांचा आकडा सहावरून तीनवर आणला, तीनवरून एकावर. पणजीच्या दुकानदाराकडे ते दर महिन्याला जात. त्यांना पाहिलं की तो नाही म्हणून मान हलवी. मान तीनदा हलेपर्यंत रोहिदासबाब थांबत.

माझी पणजीला बदली झाली त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. रोहिदासबाब ओसरीवर पिस्तुलाला तेल देत होते. तेलाचा थेंब जागेवर पडत होता. सुमतीबाईंनी चहा टाकला आणि फळीवरून एक लहान पुठ्ठ्याचा डबा काढून त्यातली वेलची ठेचली. डब्यावर परदेशी अक्षरं होती आणि पंचवीस बोअरचा आकडा. मी डब्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेवटचा काडतूस गेल्या दसऱ्याक सपला," त्या हळू म्हणाल्या. "तेंका सांगू नकात तुमका म्हायत आसा म्हणान."

दुपारी देवळासमोर तीच मांडणी झाली. आठ ढोल, पाच ताशे. नानू परबला आता काठी लागत होती. गर्नाल त्याने तीन-चार वर्षांपूर्वीच सोडून दिली होती, कानामागचा हात सोडला नव्हता. तो येऊन दोन पावलांवर उभा राहिला. सुमतीबाईंनी रेतीचा डबा ठेवला. मी डब्याच्या दुसऱ्या बाजूला होतो.

रोहिदासबाबनी फडकं उलगडलं. पिस्तूल डब्यावर धरलं, कोपर सरळ केलं आणि चाप ओढला. रेती हलली नाही. उजव्या हाताला काही पडलं नाही. ते तसेच उभे राहिले, हात लांब करून. जन्मभर इतरांची खोटी मापं पकडलेला माणूस आता स्वतः रिकामं माप पुढे करून उभा होता. पुरसो गुरव कळ्या लावायला मूर्तीकडे वळला. आता तो देवीला विचारणार होता आणि उत्तर कुठल्याही बाजूला पडलं तरी रोहिदासबाबना ते आयुष्यभर वागवावं लागणार होतं.

नानूने कानामागचा हात खाली घेतला. डब्याकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं. मग गावकारांकडे तोंड करून ढोलाच्या वर ऐकू जाईल असं म्हणाला, "वाजलो."

पुरसोचा हात कळ्यांवर थांबला. इतक्या वर्षांत नानूला पहिल्यांदा ऐकू आलं होतं, आणि ज्याने कधी ऐकलं नाही त्याने ऐकल्यावर देवीला विचारायचं कारण उरत नव्हतं. भोयांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पालखीला खांदा दिला.

रोहिदासबाब नानूकडे वळले. "काय म्हणालंस?"

"बरो वाजलो, म्हटला."

"परत सांग."

"वाजलो रे. कान फुटले माझे."

रोहिदासबाबनी पिस्तूल खाली घेतलं नाही. ते वाट पाहत होते. नानूने काठी दुसऱ्या हातात घेतली, एक पाऊल पुढे आला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिसऱ्यांदा ओरडला. ढोल एवढे जवळ होते की ते शब्द मला ऐकू आले नाहीत. रोहिदासबाबनी मान हलवली आणि पिस्तूल फडक्यात गुंडाळलं.

पालखी सीमेकडे निघाली. लोक तिच्यामागे गेले. मलाही बातमी द्यायची होती, म्हणून मी निघालो. देवळाच्या वळणावर मागे पाहिलं तर अंगणात दोघेच उरले होते. रोहिदासबाब नेहमीच्या सवयीने उजव्या बाजूच्या गवतात वाकून पुंगळी शोधत होते. नानू परब काठीने गवत बाजूला करत त्यांना शोधायला मदत करत होता.